डावी काडी

माझं दुकान चष्म्यांचं. समोर फ्रेमांचं काचेचं कपाट, मागे काचा घासायचं यंत्र आणि मधल्या टेबलामागे मी. गिऱ्हाइकांशी बोलण्याचं खातं पहिल्यापासून आमच्या हिच्याकडे. समोरच्याच्या नाकाची रुंदी मला नुसत्या नजरेने सांगता येते, पण त्याच नाकाच्या मालकाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली की घशाला कोरड पडते. चाळीस वर्षं झाली, त्यात सुधारणा नाही.

ही गोष्ट लिहावी की नाही यावर मी महिनाभर घोळ घातला. गोष्ट माझी नाहीच, नकाशेवाल्या ताईंची आहे. शेवटी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा की काका. फक्त मला बिचारी करू नका." ते कितपत साधेल, सांगता येत नाही.

ताई शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढतात. रस्त्याखालून कुठला नळ कुठे जातो, कुठे वळतो, किती उताराने उतरतो, हे कागदावर आणायचं त्यांचं काम. त्यांच्या डोळ्यांचा नंबर उणे नऊ. चष्मा काढला की स्वतःची बोटं मोजायलाही त्यांना हात नाकाशी आणावा लागतो. असल्या नंबराची काच दुकानात तयार नसते. मागवायची, घासायची, बसवायची, यात चार दिवस जातात. ते चार दिवस ताई घराबाहेर पाऊल टाकू शकत नसत.

पहिल्यांदा त्या आल्या तीन वर्षांपूर्वी, नवऱ्याबरोबर. डावी काच तडकलेली, डावी काडी बिजागरीतून निखळलेली. बोलला तो नवराच.

"आमच्या बाईसाहेब जरा धांदरट आहेत. दाराला धडकतात, भिंतीला धडकतात. तुम्हीच काहीतरी करा बुवा."

हसतमुख माणूस, कपडे इस्त्रीचे, आवाज मऊ. टेबलावर मी वाचत असलेलं पुस्तक पालथं पडलं होतं. ते त्याने उचललं, चाळलं आणि त्याबद्दल मला विचारलं. मग आम्ही दहा मिनिटं बोललो. एका माणसाशी सलग दहा मिनिटं मी वर्षभरात बोललेलो नसेन. ती दोघं गेल्यावर मी हिला म्हणालो, "किती सज्जन माणूस!"

"त्या पोरीने तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. ते दिसलं का तुम्हाला?"

"तिला काय म्हणायचं होतं?"

"ते कसं कळणार? तुमचं दोघांचं चाललं होतं ना पुस्तकपुराण."

पुस्तकाबद्दल बोलणारा माणूस वाईट कसा असेल, अशी माझी समजूत होती. ती माझ्या वयाइतकीच जुनी होती.

आता माझ्या कार्डांबद्दल सांगायला हवं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड मी लाकडी खोक्यात ठेवतो. त्यावर नंबर, फ्रेम, तुटल्याची आणि दुरुस्तीची तारीख, काय तुटलं, कुठल्या बाजूला, किती वाकलं. इतकं लिहायची गरज नसते. ही त्याला चष्म्याची कुंडली म्हणते. पण बोलण्यात जो माणूस कमी पडतो तो लिहून भरून काढतो, तसं माझं आहे.

ताईंच्या कार्डावर नोंदी वाढत गेल्या. दुसऱ्या वेळी मी त्यांना चष्म्याला दोरी लावून दिली. तिसऱ्या वेळी दोरीसकट चष्मा आला. चौथ्या वेळी माझ्यातल्या कारागिराला राग आला आणि मी चक्क बोललो, "ताई, वस्तू जरा जपून वापरावी."

"हो काका, चुकलंच माझं," त्या म्हणाल्या.

हे आठवलं की अजूनही मी पुस्तक मिटून ठेवतो.

त्या चौथ्या वेळी मी मनावरच घेतलं. माझ्या हातचा चष्मा पुन्हा पुन्हा तुटतो म्हणजे काय? मग मी पोलादी फ्रेम मागवली, बिजागरीला एकाऐवजी दोन स्क्रू बसवले, काच न फुटणारी घातली. तीन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. ताईंच्या डोळ्यांवर तो चढवताना म्हणालो, "आता यावरून हत्ती गेला तरी काही होणार नाही." त्या हसल्या. हसताना त्यांचा एक दात थोडा पुढे येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, एकट्या, दुपारच्या सुट्टीत. डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर पाच टाके. चष्मा डोळ्यांवर होता आणि अगदी शाबूत होता. फक्त डावी काडी केसभर आत गेली होती.

"तुमचा चष्मा नाही तुटला हं काका," त्या म्हणाल्या. अगदी मनापासून, माझं कौतुक करावं तशा.

मी चष्मा हातात घेतला. फ्रेमची डावीकडची खालची कड बोटाने चाचपली. टाक्यांच्या रेषेला जो बाक होता, तोच त्या कडेला होता. आधीच्या चार वेळा माझा चष्मा तुटला होता आणि तुटता तुटता त्याने मार अंगावर घेतला होता. या वेळी मी त्याला तुटू दिलं नव्हतं. पोलाद तसंच राहिलं आणि गाल फाटला. स्क्रू फिरवायचा हातचा पेचकस खाली पडला.

हिने ते पाहिलं. उठून तिने दुकानाचं दार लावलं, 'बंद' ची पाटी फिरवली आणि ताईंना मागच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं. कपात चहा ओतला. मग सरळच विचारलं.

"कोणी मारलं?"

"दार लागलं, काकू."

"दाराला हात असतात होय गं?"

ताई आपल्या नखांकडे बघत राहिल्या. नखांत काळी शाई होती. मग हळूहळू बोलल्या. राग येतो त्यांना. एरवी फार चांगले आहेत. राग आला की भान राहत नाही, नंतर स्वतःच रडतात. मारलं असं काही म्हणता यायचं नाही, एखादी चापट. तीही रोज थोडीच. तीन वर्षांत चार-पाच वेळा.

"पाच," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात कार्ड होतं. ते कधी काढून आणलं, माझं मलाच आठवत नव्हतं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: डावी काडी, डावी बिजागरी, डावी काच, डावी काडी. आता पाचवी नोंद करायची, तीही डावीच. हातातून पडलेले, उशीखाली चेंगरलेले, पोरांनी ओढलेले हजारो चष्मे मी दुरुस्त केलेत. पडलेला चष्मा कधी उजवीकडे मोडतो, कधी डावीकडे, कधी नाकावर मधोमध. पाचही वेळा डावीकडेच, तेही आतल्या बाजूला, तो समोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हातानेच मोडतो. हे मी स्वतः लिहीत होतो आणि वाचत नव्हतो.

ते मी बोललो नाही, बोलता आलंही नसतं. मला दुसरंच काही खटकत होतं आणि ते विचारायचा मला अधिकार आहे का, या विचारात चहा निवून गेला. शेवटी म्हणालो, "ताई, इथे तारखा आहेत. एक विचारू? चष्मा तुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी काय होतं?"

"दुसऱ्या दिवशी? काही नाही. घरीच होते ना मी."

"म्हणजे, तुटला नसता तर काय होतं?"

त्यांनी माझ्याकडून कार्ड घेतलं. आकड्यांशी त्यांची मैत्री. तारीख वाचली की त्यांना दिवस आठवतो.

"ही पहिली... दुसऱ्या दिवशी आमची खात्याची परीक्षा होती. मुख्य आरेखकाच्या जागेची. नाही देता आली." त्यांचं बोट खाली सरकलं. "ही दुसरी. धाकट्या बहिणीकडे जायचं होतं, तिकीट काढलेलं होतं. ही तिसरी, कार्यालयाने पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी पाठवायचं ठरवलं होतं. आणि ही..." त्या थांबल्या. "ही पुन्हा परीक्षा."

"आणि आत्ताची?" हिने विचारलं.

"काल फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. परवा संध्याकाळी हे झालं. पण चष्मा तुटला नाही ना, म्हणून काल टाके घातलेल्या तोंडाने जाऊन फॉर्म भरून आले."

मागे काच घासायचं यंत्र चालूच राहिलं होतं. मी जाऊन ते बंद केलं.

मग ताई म्हणाल्या, "रागाला तारीख कुठून कळते, काकू?"

"कधी त्याने साहेबावर हात उगारलाय? शेजाऱ्यावर? रस्त्यात कोणी धक्का मारला तर?"

"छे! साहेबांसमोर तर आवाजसुद्धा..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

"म्हणजे भान असतं की त्याला. चांगलं शाबूत असतं."

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. रडतील असं मला वाटलं. पण त्यांच्या तोंडावर रडं नव्हतं. एखाद्या नकाशात महिनोनमहिने न जुळणारी रेघ कुठे चुकली ते सापडावं, तसा तो चेहरा होता.

इथे मी एक मूर्खपणा करणार होतो. म्हणालो, "मी जातो. त्याच्याशी बोलतो."

"काय बोलणार? पुस्तकाबद्दल?" ही म्हणाली. मग जरा मऊ होऊन, "अहो, तुम्ही गेलात तर तो तुम्हाला चहा पाजेल आणि दार लागलं की हिच्याकडे वळेल. हे आपलं काम नव्हे. ज्यांना येतं त्यांना विचारू."

असं विचारायचं कुठे, हे मला ठाऊक होतं, आणि कसं ठाऊक होतं ते सांगायची लाज वाटते. सहा महिन्यांपूर्वी एक मुलगी दुकानात पत्रकं ठेवून गेली होती, महिला मदत केंद्राची. त्यातलं एक माझ्या पुस्तकात खूण म्हणून होतं. दोनशे बारा पानं मी ते रोज थोडं थोडं पुढे सरकवलं होतं. त्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. आता काढून ताईंसमोर धरलं.

"मी करू फोन?" हिने विचारलं.

"नको, मी करते. पण माझ्या फोनवरून नको. माझा फोन ते रोज बघतात."

दुकानाच्या फोनवरून त्यांनी नंबर फिरवला. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही, ताईंचं उत्तर आलं. "सुरक्षित? हो, आत्ता आहे. चष्म्याच्या दुकानात." मग जरा थांबून, "हो, बोलता येईल. अर्धा तास आहे माझ्याकडे."

पुढचे दोन आठवडे ताई दुपारच्या सुट्टीत त्या केंद्रात जात होत्या. एकदा त्यांनी आम्हालाही नेलं, कार्ड दाखवायला. केंद्रातल्या मॅडम ठेंगण्या, बोलायला भरभर, टेबलावर कागदांचा डोंगर. त्यांनी सांगितलं ते मला शाळेतल्या पोरासारखं वहीत उतरवून घ्यावंसं वाटत होतं. मारणं, फोन तपासणं, बहिणीकडे जाऊ न देणं, कामात खोडा घालणं, 'तुला काही दिसत नाही, तुला काही कळत नाही' असं उठताबसता ऐकवणं, हे सगळे एकाच माळेचे मणी. कायद्यात या सगळ्याला हिंसाच म्हणतात. ताई म्हणाल्या, "मला वाटायचं, हिंसा म्हणजे हाड मोडलं पाहिजे."

"बऱ्याच जणींना तसंच वाटतं," मॅडम म्हणाल्या. "मोडायची वाट बघत बसतात. आता सांगा, तुम्हाला काय हवंय? घर सोडायचंय, राहायचंय, बोलणी करायची आहेत? तुम्ही म्हणाल ते. मी म्हणेन ते नाही."

ताई म्हणाल्या, "मला परीक्षा द्यायचीय."

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

"पुढच्या महिन्यात शेवटच्या रविवारी आहे. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही, त्यामुळे ही शेवटचीच. म्हणजे पुढची तारीख मला आत्ताच माहीत आहे. शनिवारी संध्याकाळी काहीतरी होणार."

मॅडमनी कार्ड पुन्हा उलटसुलट पाहिलं. "एवढी वर्षं अर्ज लिहितेय," त्या म्हणाल्या, "त्यात झालेलं लिहितो आम्ही. होणार आहे त्याची तारीख पहिल्यांदाच लिहिणार."

अर्ज तयार झाला. टाके घालणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन ताईंनी खरं काय ते सांगितलं. त्यांच्या कागदांवर जखमेची लांबी आणि बाक दोन्ही होते. दाखले, नेमणुकीची पत्रं, परीक्षेची पावती असं सगळं एकेक करून ताईंच्या कार्यालयातल्या खणात गेलं. मी दोन जादा चष्मे करायला घेतले. या वेळी आधी विचारलं, "फ्रेम कशी हवी?"

"हलकी द्या काका. तुटली तर तुटू दे."

ज्या दिवशी नवऱ्याला नोटीस मिळणार होती, त्या सकाळी ताई नेहमीसारख्या कामाला निघाल्या आणि संध्याकाळी केंद्राच्या निवाऱ्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो माझ्या टेबलासमोर उभा. इस्त्री तशीच, आवाज तसाच मऊ.

"काका, तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. एक संसार मोडताय तुम्ही. कुठे आहे ती?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. कशीबशी सोडवून म्हणालो, "दुकान बंद होतंय."

"अकरा वाजता?"

पडदा सारून ही बाहेर आली. "गिऱ्हाइकाचा पत्ता आम्ही देत नाही. तुम्हाला चष्मा करायचा आहे का? करून घ्याच. समोरचं दिसत नसावं बरेच दिवस."

"काकू, मी तुम्हाला मान देऊन बोलतोय."

"तो मान घरी द्यायचा होतात." तिने फोन उचलला. "केंद्रात सांगू का, तुम्ही इथे आलाय म्हणून? त्यांना वेळेची नोंद लागते."

तो गेला. ही स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पाणी द्या हो. आणि आधी दाराला कडी लावा." तेव्हा मला कळलं, तीही घाबरली होती.

सुनावणी एका लहानशा खोलीत झाली. न्यायाधीश बाई होत्या. त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि त्या सारख्या तो बोटाने वर ढकलत होत्या. माझं अर्धं लक्ष त्यातच. नवऱ्याच्या वकिलाने सांगितलं, बाईंची नजर अधू आहे, त्या धडपडतात, पती काळजीपोटी त्यांना एकटं सोडत नाही. यात हिंसा कसली?

मग मला पुढे बोलावलं. मी चार दिवस आरशासमोर सराव केला होता. उभा राहिलो, "पाचही वेळा डावी..." एवढं म्हणालो आणि आवाज गेला.

"जरा मोठ्याने," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"डावी काडी. आतल्या बाजूला. पडून असं होत नाही."

वकील हसून म्हणाले, "आजोबा, स्क्रू ढिला होतो की नाही कधी?"

"होतो. स्क्रू ढिला झाला की काडी लोंबते. वाकत नाही. आणि शेवटची फ्रेम पोलादी होती. त्यात मीच दोन स्क्रू..." यापुढे मला ताईंचा गाल दिसायला लागला आणि शब्द बंद पडले. वहीत लिहून आणलेलं सगळं वाहून गेलं. मला वाटलं, संपलं, मी घाण केली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई उभ्या होत्या. "मी सांगू का? तारखा माझ्या आहेत."

न्यायाधीश बाईंनी मान हलवली. ताईंनी कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. कार्यालयात साहेबांना नकाशा समजावून सांगावा, तशा त्या बोलल्या. इथून नळ निघतो, इथे वळतो, तसं. पहिली तारीख, काय तुटलं, दुसऱ्या दिवशी काय होतं. दुसरी तारीख. तिसरी. आवाज चढला नाही, पडला नाही. शेवटी म्हणाल्या, "माझी नजर अधू आहे, हे वकीलसाहेब बरोबर बोलले. उणे नऊ. कोणाला घरात डांबून ठेवायचं तर हात-पाय मोडावे लागतात. माझ्या बाबतीत चष्मा पुरतो. चार दिवस मी घराबाहेर पडू शकत नाही. हे माझ्या नवऱ्याला माझ्याइतकंच नीट माहीत आहे. आणि पुढची तारीख अर्जात लिहिली आहे."

वकिलांनी अशिलाकडे पाहिलं. अशील खिडकीकडे बघत होता. त्याला विचारलं, या पाच दिवसांबद्दल काही सांगायचं आहे का? तो म्हणाला, "तिचं चित्त ठिकाणावर नाही. तिला सरळ रेघसुद्धा दिसत नाही."

"त्या रेघा काढूनच पगार घेतात ना?" न्यायाधीश बाईंनी चष्मा वर ढकलत विचारलं.

आदेश त्याच दुपारी निघाला. पुढची सुनावणी होईपर्यंत नवऱ्याने घर सोडायचं, ताईंनी तिथेच राहायचं. घराजवळ, कार्यालयाजवळ आणि परीक्षेच्या जागेजवळ त्याने फिरकायचं नाही. मोडलं तर अटक. मॅडमनी आदेशाची प्रत ताईंच्या हातात दिली. ताईंनी ती पायऱ्यांवर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली. मग हिला मिठी मारली. मी जवळच उभा होतो, कुठे बघावं कळेना, म्हणून खांब बघितला.

संध्याकाळी तो दोन पिशव्या घेऊन निघून गेला. सोबत पोलीस बाई होती. ताईंनी दाराचं कुलूप बदललं, टेबल खिडकीपाशी ओढलं आणि अभ्यासाला बसल्या. महिला केंद्रातल्या दोघी-तिघी आळीपाळीने सोबत जाऊन राहायच्या. एकीने मला येऊन सांगितलं, "ताई झोपेत उतार मोजतात."

खटला अजून चालू आहे. तारखा पडताहेत. परीक्षेचा निकाल दोन महिन्यांनी लागला, ताई सबंध खात्यात दुसऱ्या आल्या आणि आता त्यांना वेगळी खोली आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं.

आम्ही दोघं सकाळी नऊपासून परीक्षेच्या इमारतीसमोर, फाटकाजवळच्या बाकावर. हिने मला बजावून ठेवलं होतं, "पुस्तक आणू नका." तरी मी आणलं. उघडलं नाही. आत तीनशे उमेदवार. शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम घड्याळ बघत बसलो होतो. काही झालं नव्हतं. ताईंनी सातला फोन करून सांगितलं होतं, "काका, भाजी करतेय. चष्मा डोळ्यांवर आहे."

एक वाजता लोक बाहेर पडायला लागले. कोणी हसत, कोणी बोटं मोडत. ताई दिसेनात. सव्वा वाजला. ही उठून फाटकापर्यंत दोनदा जाऊन आली. मी मनात नको नको ते रचून टाकलं.

शेवटी आल्या. केसांत पेन्सिल खोचलेली, हाताची करंगळी शिशाने काळी.

"काकू, खायला काय आणलंय आधी ते सांगा."

हिने डबा उघडून पुढे केला. दोन घास जाईपर्यंत त्यांनी आम्हाला तिष्ठत ठेवलं.

"उशीर का झाला गं? जीव टांगणीला लावलास."

"मुख्य परीक्षकांनी थांबवून घेतलं, सगळं लिहून द्यायला. चौथा प्रश्न होता सांडपाण्याच्या नळाचा. दोन चेंबर दिलेले, दोन्हींच्या तळाची उंची दिलेली, उतार काढा म्हणे. मी काढला. पुन्हा काढला. त्यांच्या आकड्यांनी पाणी चढावर जात होतं! आधी वाटलं, मलाच नीट दिसत नसेल." त्यांनी घास गिळला. "सवय आहे ना तसं वाटायची. तिसऱ्यांदा मोजलं. मग उभी राहिले."

"भर परीक्षेत?"

"भर परीक्षेत. देखरेखीचे गृहस्थ आले. म्हणाले, बाई, प्रश्नपत्रिका चुकत नसते. चष्मा पुसा आणि नीट बघा."

"मग?" मी विचारलं. माझा आवाज बऱ्यापैकी मोठा निघाला.

"मी म्हटलं, चष्मा स्वच्छ आहे. वरच्या चेंबरचा तळ खाली दाखवलाय आणि खालच्याचा वर. असा नळ टाकलात तर लोकांच्या घरात पाणी उलटं येईल. मी बसणार नाही, वरिष्ठांना बोलवा. सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय. वरिष्ठ आले, त्यांनी फोन लावला, दहा मिनिटं कुजबुज. मग ध्वनिक्षेपकावर सांगितलं, प्रश्न क्रमांक चारमधले आकडे उलट वाचावेत."

त्यांनी डब्यातला शेवटचा घास उचलला आणि हातवारे करून दाखवलं.

"तीनशे खोडरबरं एकदम चालायला लागली, काकू. केवढा आवाज होतो माहितीये!"